किलोमीटरवर लावू का टक्क्यावर? (कुपवाड, दहाचाकी)

कुपवाडकर_दहाचाकी
राम राम मंडळी. माझा एकच दहाचाकी ट्रक हाय, मालक पण मीच आणि ड्रायव्हर पण मीच, हप्ते अजून दोन वर्षं. आजवर मार्केटचं भाडं मारत आलो, म्हणजे दलालाला फोन लावायचा आणि नंबर येईपर्यंत पार्किंगला पडून राहायचं. आता दोन ट्रान्सपोर्टवाल्यांकडं गाडी अटॅच करायचं, म्हणजे त्यांच्याच मालावर कायमची लावायचं, बोलणं चाललंय. एक जण किलोमीटरला ४४ रुपये म्हणतोय, टोल त्याचा, डिझेल माझं, पण पैसे फक्त भरलेल्या किलोमीटरचे. दुसरा म्हणतोय भाड्याचे ९० टक्के तुझे, टोल-डिझेल सगळं तूच बघ. लाईन दोघांची बेंगळुरूच. घरात म्हणत्यात ठरलेला पैसा बरा, चुलते म्हणत्यात टक्क्यावर जा, बेदाण्याच्या सीझनला हात मारशील. डोकं आऊट झालंय, दोन्ही केलेला कोण हाय का?

कराडचा आण्णा
मी दोन्ही केलंय बाळा, सात वर्षं. आधी कागदावर मांड. बेंगळुरू ६०० किलोमीटर धर. ४४ नं २६,४०० झाले. टक्क्यावर भाडं ३४,००० निघालं तर तुझे ३०,६००, त्यातनं टोल ४,००० धर, राहिले २६,६००. म्हणजे सारखंच की! पावसाळ्यात भाडं २८,००० वर आलं की हातात २१,२००, आणि सीझनला ४०,००० गेलं तर ३२,०००. चुलते सीझनचं बोलतात, घरची मंडळी आषाढ-श्रावणाचं बोलतात, दोघंही खरंच बोलतात.

पण मार बसतो तो जायच्या फेरीत नाही, रिकाम्या गाडीत बसतो. मी किलोमीटरवर असताना बेंगळुरूला खाली केलं आणि ऑफिसातनं फोन, रिटर्न माल बळ्ळारीला हाय, जाऊन भर. तीनशे किलोमीटरच्या वर रिकामी पळवली, गाडी रिकामी ५ चं एव्हरेज देती, ६० लिटरच्या पुढं डिझेल गेलं, ९० च्या भावानं साडेपाच हजार माझ्या खिशातनं. आणि तिथं गेटवर दोन दिवस उभा, होल्टिंग, म्हणजे उभ्या गाडीचे पैसे, म्हटलं की "ॲग्रीमेंटमध्ये नाही" म्हणाले. त्यांना काय, माझी गाडी फुकट पळत होती म्हणून पाठवत होते, रिकाम्याचे पैसे द्यावे लागले असते तर जवळच्या होसूरचा माल शोधला असता की नाही? तेव्हा ४४ का ४६ यात घासाघीस करत बसू नको, रिकामं किलोमीटर आणि होल्टिंग कुणाच्या डोक्यावर हे आधी विचार.

आणि एक, किलोमीटर कुठलं धरणार? मीटरचं, जीपीएसचं का त्यांच्या तक्त्यातलं, गावागावाचं ठरवून ठेवलेलं? आमच्या वेळी तक्ता होता आणि बायपास, डायव्हर्जन, गोडाऊनला आत जायचं सगळं फुकटात.

शिरवळ_लोडिंग
डिझेलचं कलम बघ भावा. डिझेलचा भाव कधीपण बदलू शकतो आणि तुझा रेट वर्षभर ४४ च राहणार. भरलेली गाडी ४ चं एव्हरेज, ६०० ला १५० लिटर, डिझेल ४ रुपयांनी वाढलं तर फेरीला ६०० रुपये गेलेच. आम्ही पुण्याकडनं माल भरून खंबाटकी चढतो तेव्हा तर ४ पण पडत नाही, ते वेगळंच.

मिरज_जंक्शन
टक्का ठीक हाय पण टक्का कशाचा? पार्टी, म्हणजे मालवाला, ४० हजार देती आणि तुला ३४ ची बिल्टी (मालाची पावती) दाखवून त्याच्यात परत १० टक्के कापतात. 😂 नव्वद टक्के म्हणे.

हळद_ते_ह्यूस्टन
मिरजवाल्या दादांचा मुद्दा एक नंबर. माझा मावसभाऊ अमेरिकेत स्वतःचा ट्रक कंपनीला लीजवर लावून चालवतो, तिकडं पण हेच भांडण चालतं, माईलवर का टक्क्यावर. फरक एवढाच की तिकडं केंद्राचा नियमच हाय, टक्क्यावर गाडी असली तर हिशोबाच्या वेळी किंवा त्याच्या आधी पार्टीच्या बिलाची कॉपी कंपनीनं मालकाला द्यायलाच लागती. आणि आण्णा, तुमचा तो तक्ता तिकडं पण हाय बरं का, बऱ्याच कंपन्या "शॉर्ट माईल" धरतात, मीटरवर पडतं त्यापेक्षा कमी. आपल्याकडं बिल कोण दाखवतंय म्हणा, पण मागायला काय जातंय? तुझी एकच गाडी हाय ना, पॅन आणि डिक्लरेशन पण देऊन ठेव, दहापर्यंत गाड्या असलेल्या मालकाचा टीडीएस (भाड्यातनं आधीच कापायचा इन्कम टॅक्स) कापत नाहीत, नाहीतर दोन्हीकडं कापून घेतील आणि रिटर्न भरून परत मागत बसशील.

कुपवाडकर_दहाचाकी
सगळ्यांचे आभार. आज दोघांकडं जाऊन आलो. टक्केवाल्याला म्हटलं पार्टीचं बिल दर फेरीला दाखवणार का, तर म्हणतो "तुला गाडी चालवायचीय का ऑडिट करायचंय?" चहा पण अर्धा ठेवून उठलो. किलोमीटरवाला जरा आडवा-तिडवा झाला, पण ५० किलोमीटरच्या वरचं रिकामं १८ रुपयानं देतो म्हणाला, जीपीएसवर. होल्टिंग दुसऱ्या दिवसापासनं. कागदावर लिहून मागितलंय, सोमवारी देतो म्हणालाय.

कराडचा आण्णा
१८ मध्ये नुसतं डिझेल निघतंय रे, ९० भागिले ५. टायर काय त्याचा सासरा देणार हाय? २२ माग, २० वर येईल. आणि कागद हातात आल्याशिवाय गाडीवर त्याचं नाव रंगवू नको.