मदत हवी आहे: चौथ्या मजल्यावरच्या आजी

डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. दिवसा दार कधी उघडत नाही. अमावास्येला उंबऱ्यावर दहीभात, वर हळदकुंकू लावलेलं लिंबू. रात्री दोनच्या सुमारास आतून जात्याची घरघर येते, मी स्वतः दाराला कान लावून ऐकली आहे. परवा जिन्यात त्यांनी माझ्या लेकीला नावाने हाक मारली. नाव आम्ही कधी सांगितलंच नव्हतं!

शेजारी करणी म्हणतात, घर खाली करायला लावा म्हणतात. मला हे पटत नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने कुणावर असा आळ घेणं गुन्हा आहे. पण भीती वाटते, हेही खरं. ज्येष्ठांच्या १४५६७ हेल्पलाइनला फोन करू, की आधी सरळ बेल वाजवून त्यांना चहाला बोलावू? कुणाला असा अनुभव असेल तर कृपया सांगा.