नाटकातली भांडणारी घरं पडद्यावर आली तेव्हा तुमच्या शेजारी कोण बसलं होतं? (अनुभव धागा)

केतकी_ठाणे
काल दुपारी टीव्हीवर 'नटसम्राट' लागला होता, नानाचा. आप्पा, म्हणजे त्यातला म्हातारा नट, सगळं मुलांच्या नावावर करून मोकळे होतात तो सीन आला तसे सासरे सोफ्यावरून उठले, म्हणाले "इथेच चुकला गाढव" आणि आत जाऊन स्वतः चहा टाकला. ते चहा टाकत नाहीत. कधीच. सध्या गावच्या जमिनीचे कागद चाललेत चुलत सासऱ्यांबरोबर, त्यामुळे पुढे कोणी काही बोललं नाही.

मला एकदम २०१६ चा जानेवारी आठवला. आजोळच्या घराच्या वाटण्या चालल्या होत्या, आई, मावशी आणि दोन मामा. मोठ्या मामाने काय विचार करून या पिक्चरची सगळ्यांची तिकिटं काढली देव जाणे, एका रांगेत सगळे. इंटरव्हलला धाकट्या मामाने पॉपकॉर्न आणलं, ते या टोकापासून त्या टोकाला गेलं आणि जसंच्या तसं परत आलं. गाडीत मावशी एवढंच म्हणाली की श्रीराम लागूंचं मूळ नाटक बघितलं तेव्हा आपण दादांच्या मांडीवर होतो. दादा म्हणजे आजोबा, ज्यांचं ते घर.

मला वाटतं हे असले पिक्चर आपण कोणाबरोबर बघतो त्यावर ते कसे वाटतात ते ठरतं. तर नाटकावरून झालेले, घरातल्या भांडणाचे, कुठल्याही भाषेतले चालतील. लिहा.

मिलिंद_काका
नाटक पाहिलेला माणूस हजर आहे. डिसेंबर १९७० मध्ये गोवा हिंदू असोसिएशनने आणलं, दिग्दर्शन दारव्हेकर मास्तरांचं, डॉ. लागू आणि शांता जोग. मी बघितलं ते नंतर, दत्ता भट होते. आमच्या वडिलांनी आधी लागूंचं बघितलेलं त्यामुळे पूर्ण प्रयोगभर कानात कॉमेंटरी, "इथे डॉक्टर थांबायचे", "इथे डॉक्टर खाली बसायचे". मागच्या रांगेतला माणूस म्हणाला आजोबा आम्हाला आप्पांचं ऐकू द्या.

सिनेमातला रामभाऊ नाटकात नाही बरं का. विक्रम गोखल्यांचा तो मित्र नवीन घातलाय. शुद्धतावादी लोक तेव्हा चिडले होते, मला विचाराल तर पिक्चरमध्ये तोच भाग सर्वात जमलाय, हॉस्पिटलात दोघं म्हातारे कर्ण आणि कृष्ण करतात तो. नाटकात आप्पा स्वगतं थेट आपल्याला ऐकवतात, आपण पंधरा फुटांवर बसलेलो असतो. पडद्यावर कोणाला ऐकवणार? म्हणून मित्र लागतो.

आणि एक गंमत, 'कट्यार काळजात घुसली' मास्तरांनीच लिहिलेलं. त्याचा सिनेमा नोव्हेंबर २०१५ ला आला आणि नटसम्राट १ जानेवारी २०१६ ला. दोन महिन्यांच्या आत मास्तरांचा हात लागलेली दोन नाटकं पडद्यावर.

सून_नंबर_दोन
माझा राग काढते इथे. आमच्याकडे तो पिक्चर बघितल्यापासून सासूबाई महिनाभर "आम्हाला काय बाई, रस्ता आहेच" करत होत्या. अहो मी पोळ्या लाटत होते!! आणि एक गोष्ट कोणी लक्षात घेत नाही, सून नातवंडावरून वगैरे कटकट करते हे खरं पण चोरीचा आळ कुठे येतो? पोटच्या पोरीच्या घरी. तरी बाहेर पडताना सगळ्या बायका सुनांकडेच बघत होत्या

केतकी_ठाणे
@सून_नंबर_दोन हाहाहा अगदी अगदी. आमच्याकडे "रस्ता" नाही, "वृद्धाश्रमाची माहिती काढून ठेव" असतं

पाटलीणबाई
हे डायलॉग सगळीकडे सेम कसे काय, कोणी क्लास घेतं का सासवांचा

जर्सीकर
इकडून थोडं वेगळं. कॉलेजात असताना इथल्या एका प्रोफेसरने 'हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ' दाखवला होता, १९६६ चा, एलिझाबेथ टेलर आणि रिचर्ड बर्टन, ब्लॅक अँड व्हाइट. एडवर्ड अल्बीचं नाटक. नवरा बायको रात्री उशिरा एका तरुण जोडप्याला घरी बोलावतात आणि पहाटेपर्यंत त्यांच्यासमोर एकमेकांची सालटी काढतात. खऱ्या आयुष्यात पण ते दोघं नवरा बायकोच होते तेव्हा. वर्गात सगळे वा वा करत होते आणि मी मात्र त्या पाहुण्या जोडप्याकडे बघत होतो, कारण लहानपणी आमच्या वरच्या मजल्यावर एक काका काकू असेच भांडायचे आणि मधे आम्हाला बोलावून लाडू द्यायचे. लाडू हातात घेऊन उभं राहायचं आणि कोणाची बाजू घ्यायची कळायचं नाही.

मग २०१७ ला 'ध्यानीमनी' आला, प्रशांत दळवींच्या नाटकावर, महेश मांजरेकर आणि अश्विनी भावे. तिथेही पाहुणं जोडपं येतं, तिथेही व्हर्जिनिया वुल्फसारखाच घरात एक मुलगा, मोहित, आणि तो मुळात नाहीच हे कळतं तेव्हा मी बायकोला म्हटलं अरे हे तर

चिंगी
अहो!!!!! मी आज रात्री लावणार होते तो पिक्चर

जर्सीकर
नाटक येऊन पंचवीस वर्षांच्या वर झाली, अजून किती थांबायचं होतं

चिंगी
माझं वय काय तुमच्या नाटकाचं वय काय

मिलिंद_काका
भांडू नका, धागा घरातल्या भांडणांवर आहे म्हणून लगेच प्रात्यक्षिक नको. ध्यानीमनी नाटकात नीना कुळकर्णी होत्या. ज्यांनी बघितलंय त्यांना विचारा. शेवट माहीत असला तरी फरक पडत नाही @चिंगी, उलट माहीत असताना ती बाई रिकाम्या खुर्चीशी बोलताना बघवत नाही.

अबोली२२
ध्यानीमनी मी नणंदेबरोबर बघितला. तिला मूल नाही. मला आधी माहीत नव्हतं पिक्चर कशावर आहे, नाहीतर नेलं नसतं. मध्यावर मी म्हटलं चल निघूया का, डोकं दुखतंय. ती म्हणाली बस गं, पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या घरातलं दाखवतंय. नंतर आम्ही पाणीपुरी खाल्ली आणि ती खूप बोलली, लग्नाला इतकी वर्षं झाली तेव्हापासूनचं सगळं, डॉक्टर, नवस, लोकांच्या डोहाळजेवणात मागे उभं राहणं. आम्ही तोपर्यंत नुसत्या सणावाराच्या नणंद भावजय होतो.

जास्त लिहीत नाही, ती इथे वाचते कधीकधी.

केतकी_ठाणे
अबोली ❤️

पाटलीणबाई
+१. काही बोलायला नाही

वऱ्हाडी_ठेचा
तुम्ही लोकं नुसतं मुंबई पुणं करता. आमच्या एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' घ्या ना. पिक्चर नाही त्याचा, पण विजयाबाई मेहतांनी टीव्हीसाठी हिंदीत 'हवेली बुलंद थी' केलं होतं, ते आमच्या घरी आख्खं खानदान बसून पाहिलं. घरातले वडील तात्याजी गेलेत, तेरवी व्हायची आहे, मुंबईचा भाऊ आलाय, खर्च कोणी करायचा, दागिने कोणाचे, अंगणात ट्रॅक्टर गंजतोय. आमच्या अंगणात ट्रॅक्टर नव्हता, जीप होती, तिच्यात कोंबड्या अंडी द्यायच्या. मोठे काका म्हणे बंद करा हे, घरचं काय कमी आहे. आजी म्हणे राहू द्या, पाहू द्या पोरायला. शेवटी बंद कोणी केलं? लाइट गेली. त्यानंतर मी ते परत पाहिलंच नाही, त्यामुळे माझ्यासाठी त्या घरात अजून वाटण्या व्हायच्याच आहेत.

पुढं चंद्रकांत कुलकर्णींनी तिन्ही नाटकं सलग केली होती, वाडा, मग्न तळ्याकाठी आणि युगान्त. नऊ तास बाप्पा. आमच्याकडच्या वाटण्या त्याच्यापेक्षा लांबल्या पण.

किडुकमिडुक
तेरवीवरून आठवलं, 'ऑगस्ट: ओसेज काउंटी' कोणी पाहिलाय का? २०१३ चा, मेरिल स्ट्रीप आणि ज्युलिया रॉबर्ट्स. ओक्लाहोमातलं घर, वडील गेलेत, सगळ्या मुली जमल्यात आणि जेवणाच्या टेबलावर आई एकेकीला सोलून काढते, शेवटी मुलगी आईच्या अंगावर धावून जाऊन गोळ्यांची बाटली ओढते. मी बहिणीबरोबर लॅपटॉपवर बघत होते, आईच्या वर्षश्राद्धाला एकत्र आलो होतो म्हणून. दोघी इतक्या हसलो की शेजारचे काका बघायला आले सगळं ठीक आहे ना. रडायला हवं होतं खरं तर. आमची आई गोळ्या नाही घ्यायची, पण टेबलावर एकेकाला घेणं सेम टु सेम, "तुझं वजन वाढलंय, हिचा नवरा कुठे दिसत नाही, भाजीत मीठ कोणी घातलं". नाटक तीन तासांच्या वर आहे म्हणे आणि पिक्चर दोन तासांचा, मला दोन तास पुरले

गिरणगावकर
मी एरवी वाचतो फक्त. 'फेन्सेस' नावाचा पिक्चर २०१६ चा, डेन्झेल वॉशिंग्टनने केलाय, ऑगस्ट विल्सनच्या नाटकावर. त्याने आणि व्हायोला डेव्हिसने आधी २०१० ला ब्रॉडवेवर तेच रोल केले होते, तिला पिक्चरसाठी ऑस्कर मिळालं. पिट्सबर्गमधला कचरा उचलणारा कामगार, तरुणपणी बेसबॉल भारी खेळायचा पण काळा म्हणून मोठ्या लीगमध्ये घेतलं नाही. आता पोराला फुटबॉलमुळे कॉलेज मिळतंय तर बाप मोडता घालतो.

आमचे बाबा गिरणीत होते. ८२ च्या संपानंतर घरी. मी कबड्डी बरी खेळायचो, जिल्ह्याच्या टीममध्ये घेत होते, बाबांनी बूट लपवले, म्हणाले आयटीआयला जा. पिक्चरमध्ये पोरगा बापाला विचारतो की मी तुम्हाला कधी आवडलो का नाही, तर बाप म्हणतो आवडायचं काय त्यात, तुला खायला घालायचं माझं काम आहे ते मी करतो. हा पिक्चर मी माझ्या पोराबरोबर बघितला, त्याला इंग्लिश सगळं कळतं मला सबटायटल लागतात. तो अर्ध्यात मोबाईल बघायला लागला, म्हणाला पप्पा हे लोक एकाच अंगणात किती बोलतात. मी म्हटलं नाटक आहे रे मूळचं. मग त्याने विचारलं आजोबा असे होते का. मी म्हटलं हो, पण आजोबा एवढं बोलायचे नाहीत.

सून_नंबर_दोन
काय लिहिलंय दादा. लिहीत जा

जर्सीकर
+१. बूट नंतर मिळाले का?

गिरणगावकर
मिळाले, माळ्यावर, पण पाय मोठा झाला होता

आज्जी_ऑनलाइन
तुम्हा मुलांना 'रावसाहेब' माहीत नसेल. जयवंत दळव्यांचं 'बॅरिस्टर' नाटक, त्यावरून विजया मेहतांनीच हिंदी सिनेमा केला ऐंशीच्या दशकात, अनुपम खेर, तन्वी आझमी, निळू फुले. मावशीचं काम विजयाबाईंनी स्वतः केलं आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. आमच्या घरात आजेसासूबाई सोवळ्या होत्या, म्हणजे केशवपन केलेल्या विधवा, लाल आलवणातल्या. त्या कधी टीव्हीसमोर बसत नसत पण त्या दिवशी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. मावशी दिसली तशा मला विचारतात, ही कुणाकडची गं? मी म्हटलं ही नटी आहे, सोंग आहे. तर म्हणाल्या "नाही नाही, ही आमच्यातलीच असणार, पदर बघ कसा ओढते". पुढे ती तरुण विधवा, तिच्याही केसांवर गदा येणार का असा प्रसंग होता, तेव्हा त्या आत निघून गेल्या. रात्री जेवल्या नाहीत, उपास आहे म्हणाल्या. कुठलाही उपास नव्हता त्या दिवशी. यजमान म्हणाले विचारू नकोस, मी विचारलं नाही.

मोबाईलवर टाइप करते आहे, चुका असतील.

मिलिंद_काका
@आज्जी_ऑनलाइन, नमस्कार. बॅरिस्टर नाटकात विक्रम गोखले होते, ते मी पाहिलंय. म्हणजे बॅरिस्टरपासून रामभाऊपर्यंत एकाच नटाने आमची दोन टोकं सांभाळली.

चिंगी
बघितला ध्यानीमनी. शेवट माहीत होता तरी रडले. @जर्सीकर माफ केलं, पुढच्या वेळी वर स्पॉयलर लिहा

वऱ्हाडी_ठेचा
नटसम्राटचा गुजरातीत पण पिक्चर झालाय ना, सिद्धार्थ रांदेरिया?

केतकी_ठाणे
हो, २०१८ चा. सासऱ्यांना सांगत नाही, त्यांना गुजराती येतं.

पाटलीणबाई
कोणीतरी मला सांगा नाटकाला पंचाहत्तरीच्या आईला न्यायचं तर पुढची रांग बरी का मधली, तिला ऐकू कमी येतं आणि वारंवार बाथरूमला जावं लागतं

मिलिंद_काका
मधल्या वाटेच्या कडेची, पाचवी सहावी रांग. इंटरव्हलच्या दहा मिनिटं आधी उठवा, नंतर लाइन लागते. वडा आधी ऑर्डर करून ठेवा.

किडुकमिडुक
वडा आधी घेतला तर गार होतो काका