मदत हवी आहे: पीआर (कोडमधला बदल तपासून घ्यायची विनंती) तीन-तीन दिवस लटकतात

घाटमाथा
आमची टीम पुण्यात, रिव्ह्यू करणारे तिकडे. साधा बदल मूळ कोडमध्ये मर्ज व्हायला तीन दिवस जातात. रोज स्टँडअप (छोटी बैठक) आहे, चॅटसाठी स्लॅक आहे, तरी हेच. गुरुवारी रिलीज आहे. लवकर उपाय सांगा.

नीरा
तिकडे म्हणजे कुठे? बर्लिन आणि सिएटल यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पीआर किती ओळींचा? मर्जचा अधिकार कोणाकडे?

घाटमाथा
सिएटल. चारशे-पाचशे ओळी. आमचा कोड गिटहबवर असतो, तिथे कोडओनर्समध्ये (कुठल्या फाइलींना कोणाचं अप्रूव्हल लागतं, त्या यादीच्या फाइलमध्ये) तिकडचे दोघेच आहेत.

उशिराची_गाडी
रात्री साडेनऊला रोज कॉल ठेवा, सिएटलला तेव्हा सकाळचे नऊ. पंधरा मिनिटांत बोलून जे सुटतं, तेच कमेंटमध्ये दोन दिवस घोळतं.

नीरा
हे गणित उन्हाळी वेळेपुरतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागे जातात आणि फरक १२.३० तासांवरून १३.३० तासांवर जातो. कॅलेंडरचं निमंत्रण सिएटलच्या वेळेत केलेलं असेल, तर तुमचा कॉल थेट साडेदहाला. शिवाय रोजची रात्र एकाच बाजूने का द्यायची? आठवड्यातून एक कॉल, तोही आलटूनपालटून.

घाटमाथा, तुमचा वेळ फेऱ्यांमध्ये जातोय. संध्याकाळी साडेसहाला टाकलेला पीआर ते त्यांच्या सकाळी दहाला उघडतात, म्हणजे इथे रात्री साडेदहा. तुमचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला, तेव्हा ते झोपायच्या तयारीत. एका शंकेला एक दिवस. तेव्हा शंका येण्याआधीच उत्तर द्या: वर्णनात बदल का केला, कुठला पर्याय का सोडला, चाचणी कशी चालवली हे लिहा. आणि प्रत्येक कमेंटवर ‘अडवतंय’ की ‘नुसतं सुचवतोय’ हे रिव्ह्यूअरने लिहायचंच.

उशिराची_गाडी
लिहून सगळं सुटत नाही. डिझाइनवरच मतभेद असेल तर वर्णन कितीही लांब लिहा, बोलावंच लागतं.

नीरा
डिझाइनचं बोलणं कोड लिहायच्या आधी व्हावं, ही तर माझीही मागणी आहे. पाचशे ओळी लिहून झाल्यावर कॉल घेऊन काय उपयोग?

डेटाबेसवाला
सर्व्हरवरचे क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) यूटीसीवरच (मागेपुढे न होणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेवर) ठेवा. घड्याळं पुढे गेली की एक तास गायब होतो, मागे आली की तोच तास दोनदा येतो आणि जॉब दोनदा चालू शकतो.

घाटमाथा
क्रॉनचा प्रश्नच नाहीये. कालच्या पीआरला तर अप्रूव्हल मिळालं होतं. त्यांनी सांगितलं म्हणून एका व्हेरिएबलचं नाव बदललं, तर अप्रूव्हलच उडालं. पुन्हा रांगेत.

खटपट्या
हे आधी सांगायचं ना! नवीन कमिट (नोंदवलेला बदल) आला की जुनं अप्रूव्हल रद्द करायची सेटिंग ब्रँच प्रोटेक्शनमध्ये (कोडच्या शाखेत काय मर्ज होऊ द्यायचं त्याच्या नियमांत) चालू आहे. ती काढून टाका.

उशिराची_गाडी
अजिबात नको. काढली तर अप्रूव्हलनंतर कोणीही काहीही ढकलेल. पैशांचे व्यवहार असलेल्या कोडमध्ये ऑडिटवाले ते चालू देणार नाहीत.

नीरा
इथे गाडीचं बरोबर आहे. सेटिंग राहू द्या, कोडओनर्समध्ये पुण्यातले दोघे घाला. एका ओळीत कितीही नावं असली तरी त्यातल्या एकाचं अप्रूव्हल पुरतं. दोघे अशासाठी, की स्वतःचा पीआर स्वतःला अप्रूव्ह करता येत नाही. दोघांनाही रेपोवर (कोडच्या साठ्यावर) राइट ॲक्सेस (बदल करायची परवानगी) हवा, नाहीतर नाव फाइलमध्ये असून नसल्यासारखं. आणि ओळ कुठे घालता ते बघा: जुळणारी शेवटची ओळ लागू होते, त्यामुळे खाली सगळ्या फाइलींसाठीची ओळ असेल तर वरची वाया जाते.

खटपट्या
ऑटो-मर्जही चालू करा. अप्रूव्हल मिळून चाचण्या पास झाल्या की रात्रीच मर्ज होईल. फक्त कॉन्फ्लिक्ट आला (दोन बदल एकमेकांवर आदळले) तर ते थांबेल, म्हणून पीआर टाकण्याआधी मेन (मुख्य ब्रँच) ओढून घ्या.

घाटमाथा
सिएटलवाले कोडओनर्स बदलू देतील?

नीरा
सगळं मागू नका. ज्या फोल्डरमध्ये तुम्हीच रोज काम करता, तेवढंच मागा. पीआर आज संध्याकाळी सहाच्या आत टाका. आणि गुरुवारचं रिलीज वेगळ्या ब्रँचवरून जात असेल तर तिथेही हाच बदल लागेल, कारण गिटहब ही फाइल ज्या ब्रँचमध्ये मर्ज करायचं तिथली वाचतं, मेनमधली नाही.