अमेरिकेतून आणलेला नेटवर्क टीव्ही ट्यूनर सांगलीत चालतो का?

भडंगप्रेमी_सांगली

नमस्कार मंडळी, जरा मदत पाहिजे. आमचा आतेभाऊ दिवाळीला अमेरिकेतून आला आणि येताना मला एचडीहोमरन नावाचा डबा घेऊन आला. त्याच्या घरी हा डबा खिडकीतल्या अँटेनाला जोडलाय, दुसरीकडून लॅनची वायर राउटरला, आणि घरातल्या कुठल्याबी कॉम्प्युटरवर, मोबाईलवर फुकटात टीव्ही दिसतो, रेकॉर्डिंगपण होतं. मला तेच पाहिजे कारण आमचे आप्पा खालच्या खोलीत दिवसभर सह्याद्री लावून बसतात आणि वर माझ्या खोलीत टीव्ही नाही, कॉम्प्युटर आहे, आणि दुसरा टीव्ही घ्यायला घरातून परवानगी नाही.

तर मी काय केलं, डबा राउटरला लावला, ॲप टाकलं, ॲपला डबा लगेच सापडला. मग माळ्यावरची जुनी माशाच्या काट्यासारखी अँटेना काढून गच्चीवर बांधली. स्कॅन केलं तर चॅनल शून्य. अँटेना फिरवून फिरवून चारही दिशांना स्कॅन केलं, शून्यच. शेजारचे काका वर येऊन बघून गेले, म्हणाले गिधाडं पकडायलायस काय. विंडोजच्या फायरवॉलमुळं असं होत असंल का? आणि अँटेनाच्या जागी केबलवाल्याची वायर खुपसली तर चालंल का?

कंदीपेढा_सातारा

भावा, फायरवॉलचा काही दोष नाही. फायरवॉल आडवी आली असती तर ॲपला डबाच सापडला नसता. डबा सापडला म्हणजे तुझं घरचं नेटवर्क ठणठणीत आहे, गडबड दुसऱ्या टोकाला आहे. डबा उलटा करून मॉडेल नंबर वाच, शेवटी ४यूएस असं काही लिहिलंय का?

भडंगप्रेमी_सांगली

होय, ४यूएस आहे. मला वाटलं यूएस म्हणजे प्लग तिकडचा.

कंदीपेढा_सातारा

प्लगचं असतं तर वीस रुपयांच्या कन्व्हर्टरवर भागलं असतं. यूएस म्हणजे एटीएससी. अमेरिकेत हवेतून टीव्ही पाठवायची पद्धत वेगळी आहे, तिथं ८व्हीएसबी नावाचं मॉड्युलेशन (लहरींवर चित्र चढवायची रीत) आणि ६ मेगाहर्ट्झचा चॅनल. भारतात दूरदर्शननं डीव्हीबी-टी२ घेतलंय, ते पूर्ण वेगळं. आतली चिपच ती भाषा बोलत नाही, सॉफ्टवेअर अपडेट करून बदलत नाही. त्याच कंपनीचा युरोपसाठीचा डबा असतो, नंबरच्या शेवटी ४डीटी वगैरे, तो डीव्हीबी-टी२ वाचतो.

पण थांब, लगेच भावाला फोन लावू नको की तो पाठव म्हणून. २०१६ साली दूरदर्शननं डीव्हीबी-टी२ सुरू केलं ते देशातल्या १६ शहरांत, त्यात आपल्या महाराष्ट्रातली मुंबई आणि औरंगाबाद (म्हणजे आताचं संभाजीनगर). सांगलीच्या गच्चीवरनं मुंबई पकडणार आहेस काय? आणि जुनं ॲनालॉग प्रक्षेपण तर दूरदर्शननं बहुतेक सगळीकडं बंदच केलं. त्यामुळं तुझी माशाची अँटेना आता कावळ्यांना बसायला.

जुना_केबलवाला_मिरज

वरच्यांनी बरोबर सांगितलंय. अँटेनाचं वाचून जरा वाईट वाटलं. आम्ही पोरं गच्चीवर आणि आई खालून ओरडायची, आलं आलं, गेलं, परत डावीकडं. असो.

केबलच्या वायरीचा प्रश्न विचारलाय त्याचं सांगतो, मी वीस वर्षं ह्याच धंद्यात होतो. खुपसून काही उपयोग नाही आणि दोन कारणं आहेत. एक म्हणजे आपल्याकडची केबल डीव्हीबी-सी पद्धतीची, अमेरिकेतल्या केबलची पद्धत परत वेगळी, त्यामुळं हा डबा ती धड वाचणार नाही. दुसरं म्हणजे समजा वाचणारा ट्यूनर आणलास तरी केबल डिजिटल झाल्यापासून चॅनल कुलूपबंद येतात. कुलपाची किल्ली सेटटॉप बॉक्समध्ये. ट्यूनरला चॅनलची नावं दिसतील, चित्र काळं. डीटीएचच्या छत्रीचंपण तेच. कुणी दुकानदार म्हणाला की आमच्याकडं सगळे पेड चॅनल कॉम्प्युटरवर दिसणारं कार्ड आहे तर पैसे देऊ नको, चोरीचा मामला असतो आणि महिनाभरात बंद पडतो.

आप्पा सह्याद्री कशावर बघतात ते सांगा. फ्री डिश असंल तर सोप्पं आहे.

भडंगप्रेमी_सांगली

फ्री डिशच आहे काका. छत्री गच्चीवर आहे, पाण्याच्या टाकीशेजारी.

जुना_केबलवाला_मिरज

मग सोनं आहे की घरात! फ्री डिशचे बरेचसे चॅनल बिनकुलपाचे येतात, सह्याद्री त्यातच. फक्त ट्यूनर सॅटेलाइटचा पाहिजे, डीव्हीबी-एस२ वाला. एस२ वाल्याला जुनं एसपण चालतं. फ्री डिशवर काही चॅनल एमपेग-२ मध्ये येतात आणि काही एमपेग-४ मध्ये (चित्र दाबून लहान करायच्या दोन पद्धती), कॉम्प्युटरला दोन्ही सारखंच.

आणि आप्पांच्या वायरीला साधा स्प्लिटर लावून दोन वाटे करायच्या भानगडीत पडू नका. सेटटॉप बॉक्स वायरीतनंच एलएनबीला (छत्रीसमोरच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा डबा) व्होल्टेज देतो, १३ किंवा १८, त्यावरनं एलएनबी उभ्या लहरी घ्यायच्या का आडव्या ते ठरवतो. दोघं एकदम हुकूम द्यायला लागले की आप्पांचा टीव्ही मध्येच जाणार आणि तुमची खैर नाही. ट्विन एलएनबी घ्या, दोन तोंडांचा, एक वायर आप्पांना एक तुम्हाला. छत्री तीच राहू द्या.

कंदीपेढा_सातारा

काकांनी निम्मं काम केलं, पुढचं मी सांगतो, माझ्याकडं दोन वर्षं हेच चालू आहे.

दोन रस्ते आहेत. एक, सॅट-आयपीचा तयार डबा. तुझ्या एचडीहोमरनचा सॅटेलाइटवाला चुलतभाऊ समज, एकीकडं छत्रीची वायर दुसरीकडं लॅन. छान असतो पण आपल्याकडं सहज मिळत नाही आणि महाग पडतो. दुसरा रस्ता म्हणजे यूएसबीचा डीव्हीबी-एस२ ट्यूनर घ्यायचा, तो एखाद्या जुन्या कॉम्प्युटरला नाहीतर रास्पबेरी पायला (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) लावायचा, त्यावर लिनक्स आणि टीव्हीहेडएंड नावाचं टीव्ही वाटणारं सॉफ्टवेअर टाकायचं (फुकट आहे), की झाला तुझा घरचा नेटवर्क ट्यूनर. मी हेच केलंय. फक्त ट्यूनर घ्यायच्या आधी त्याच्या चिपला लिनक्सचा ड्रायव्हर आहे का ते बघ. हे मी बघितलं नव्हतं, माझा पहिला ट्यूनर आता ड्रॉवरमध्ये पडलाय आणि बायको दर आवरासावरीला विचारते की हे काय.

टीव्हीहेडएंड कुठल्याबी ब्राउझरमधून ९९८१ पोर्टवर उघडतं. तिथं एलएनबी युनिव्हर्सल निवड, म्हणजे ९७५०/१०६०० वाला. सॅटेलाइट जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व. मग ट्रान्सपॉन्डर (सॅटेलाइटवरनं येणारा चॅनलांचा एकेक गठ्ठा) भरून स्कॅन. एक मजा सांगतो जी मला लय उशिरा कळली. ट्यूनर चॅनल पकडत नाही, अख्खा ट्रान्सपॉन्डर पकडतो, त्यात बरेच चॅनल एकत्र गुंडाळलेले असतात. म्हणजे एकाच ट्यूनरवर तू एक चॅनल बघ आणि त्याच ट्रान्सपॉन्डरवरचे दुसरे दोन रेकॉर्ड कर, काही अडत नाही. वेगळ्या ट्रान्सपॉन्डरवरचा पाहिजे असला तरच दुसरा ट्यूनर लागतो.

रेकॉर्डिंगला जागाही फार जात नाही. साधा एसडी चॅनल ३ एमबीपीएस धरला तर तासाला साधारण १.३५ जीबी.

भडंगप्रेमी_सांगली

मंडळी, रविवार कारणी लागला पण अर्धाच. ट्यूनर आला, जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकलं, ट्विन एलएनबी बसवला. आता माझ्याकडं दोन ट्रान्सपॉन्डर लागतात बाकीचे नाही, आणि आप्पांचा टीव्हीपण तुटक तुटक दिसायला लागलाय. घरात वातावरण तापलंय. लवकर सांगा.

जुना_केबलवाला_मिरज

जुना एलएनबी काढायच्या आधी तो किती तिरपा फिरवलेला होता ते बघितलं होतं का?

भडंगप्रेमी_सांगली

नाही ओ काका. मी सरळ बसवला, दिसायला बरा दिसतो म्हणून.

जुना_केबलवाला_मिरज

तिथंच माती खाल्ली. तो तिरपा मुद्दाम केलेला असतो. आप्पांना टीव्हीसमोर बसवा, सिग्नलची पट्टी लावा आणि तुम्ही वर जाऊन क्लॅम्प ढिला करून एलएनबी हळूहळू गोल फिरवा, एका वेळी थोडंच, आणि दर वेळी दोन-तीन सेकंद थांबा कारण पट्टी उशिरा बदलते. जास्तीत जास्त क्वालिटी येईल तिथं आवळा. स्ट्रेंग्थकडं बघू नका, क्वालिटीकडं बघा. छत्रीला हात लागून ती हलली असंल तर सांगलीतनं दिशा आग्नेय, म्हणजे उत्तरेपासून साधारण १३० अंश, आणि आकाशात उंची ६० अंशांच्या आसपास. आपली ऑफसेट छत्री बघायला त्यापेक्षा बरीच उभी दिसते, त्यावर जाऊ नका. आणि वायरीच्या टोकाच्या एफ कनेक्टरला (एलएनबीला आवळायची पिन) रबरी टोपी घाला, पावसात पाणी शिरलं की परत रडगाणं.

भडंगप्रेमी_सांगली

काका, नाद खुळा! आप्पा खालनं ओरडत होते, आलं, आलं, गेलं, मागं घे. क्वालिटी ३१ वरनं ७८ वर गेली. सगळे ट्रान्सपॉन्डर लागले, वरच्या खोलीत कॉम्प्युटरच्या व्हीएलसी प्लेअरवर सह्याद्रीच्या बातम्या बघतच लिहितोय. चित्रात हलताना दातेरी रेघा दिसत होत्या, त्या व्हीएलसीमध्ये डीइंटरलेस चालू केल्यावर गेल्या.

एकच आहे, लॅपटॉपवर वायफायनं बघितलं की मधूनच अडकतं. लॅनच्या वायरीवर लोण्यासारखं चालतंय.

कंदीपेढा_सातारा

जिंकलास गड्या. लॅपटॉप राउटरच्या ५ गिगाहर्ट्झवाल्या नावाला जोड, २.४ वर शेजारपाजारच्या सगळ्यांची गर्दी असते. तरी अडकलं तर व्हीएलसीमध्ये नेटवर्क कॅशिंग वाढवून दीड-दोन हजार मिलिसेकंद कर. आणि टीव्हीहेडएंडमधनं एचटीटीपीनंच बघ, त्यात हरवलेला तुकडा परत मागवला जातो. सॅट-आयपीवाले आरटीपी नावाची दुसरी पद्धत वापरतात, त्यात गेलेलं गेलं, चित्रात चौकोन दिसतात.

पावसाळ्यात मात्र ढग फुटल्यासारखा पाऊस आला की दहा मिनिटं चित्र जाणार, केयू बँडला (छत्रीचा सिग्नल ज्या लहरींवर येतो त्या पट्ट्याला) ते चुकत नाही. आमच्याकडं महाबळेश्वरकडनं काळं यायला लागलं की मी सेटिंगला हातच लावत नाही, चहा टाकतो.

भडंगप्रेमी_सांगली

झालं, ५ वर टाकल्यावर अडकायचं थांबलं. अमेरिकेतला डबा पुढच्या वेळी आतेभावाच्याच बॅगेत परत घालतोय, सोबत अर्धा किलो भडंग. त्याला अजून सांगितलं नाही की चालला नाही, तो फोनवर विचारतो कसा आहे डबा आणि मी म्हणतो एकदम भारी.

आता आप्पांना कळलंय की रेकॉर्डिंग होतं. यादी द्यायला लागलेत.