रिबलहेडच्या पुलावर जुनं डिझेल: इंजिन धरू का पूल?

मंडळी, पुढच्या शनिवारी उत्तर इंग्लंडमधल्या रिबलहेडच्या रेल्वे पुलाला चाललोय, तिथल्या सेटल-कार्लाइल लाइनवर एक स्पेशल गाडी आहे आणि पुढे चक्क दोन क्लास ३७, म्हणजे १९६० च्या दशकातली इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीची डिझेल इंजिनं! सकाळी उत्तरेला जाणार, दुपारी परत. मागच्या वेळी रस्त्याच्या बाजूने २४ एमएमवर (वाइड लेन्सने) अख्खा पूल घेतला, घरी येऊन बघतो तर २४ च्या २४ कमानी झकास पण इंजिन शोधावं लागतंय, आणि त्याचा पुढचा पिवळा भाग पांढराफटक पडलाय. इतकं वाईट वाटलं की बस. कुठे उभा राहू, लेन्स कुठली, शटर किती?

रूळवेडा:
अरे पूल ४०० मीटर लांब आणि ३७ जेमतेम १९ मीटरचं, म्हणजे अख्खा पूल घेतलास की इंजिन त्याचा एकविसावा हिस्सा, ते हरवणारच. तिथल्या खांबांकडे नीट बघ, दर सहावा खांब मुद्दाम जाड बांधलाय, एखादा पडला तरी सगळा पूल ओळीने कोसळू नये म्हणून. अशा दोन जाड खांबांमधे सहा कमानी येतात, साधारण १०० मीटर. ७०-२०० ची झूम लेन्स लावून तेवढाच तुकडा धर, दोन इंजिनं आणि मागचे तीन डबे त्यात बरोबर बसतात आणि पुलाची उंचीही कळते (३२ मीटर आहे, खाली उभं राहिल्यावर मान दुखते). माझ्या मते दोन्हीचा मोह सोड, हा फोटो इंजिनाचा आहे हे आधी ठरव.
शटरचं टेन्शन नको, पुलावर ताशी ३० मैलांची मर्यादा आहे, इंजिनाला पार व्हायला अर्धा मिनिट लागतं. १/५०० सेकंद भरपूर झालं. पिवळ्यासाठी एक्स्पोजर (आत येणारा प्रकाश) अर्धा स्टॉप कमी ठेव, सावल्या नंतर उचलता येतात पण जळलेला पिवळा परत येत नाही.

सावली_उन्हात:
सकाळी रस्त्याच्या म्हणजे पूर्वेच्या बाजूला थांबा, ऊन पाठीशी येतं आणि मागे व्हर्नसाइड डोंगर मिळतो. दुपारी कमानीखालच्या पायवाटेने पलीकडे जा. भर दुपारी उत्तरेला जाणाऱ्या गाडीचं नाक मात्र सावलीत जातं, त्यामुळे परतीची गाडी सोडू नका, तिच्या तोंडावर ऊन असतं.
आणि फोकस आधीच कठड्यावर लॉक करून ठेवा हो. मी एकदा ऑटोवर ठेवला, वाऱ्याने समोरचं गवत हललं आणि कॅमेऱ्याने तेच पकडलं, सगळे फोटो गवताचे, वर्षभर वाट बघितलेली गाडी मागे धूसर.

धुराडं:
धूर हवा असेल तर सकाळचीच गाडी. सेटलपासून पुलापुढच्या ब्ली मूरपर्यंत शंभराला एक असा चढ आहे, तिकडे लाँग ड्रॅग म्हणतात, इंजिनं त्यात आधीच घामाघूम झालेली असतात. शेवटचा डबा पुलावरून उतरला की ड्रायव्हर वेग वाढवायला परत हँडल ओढतो आणि त्या क्षणी काळा लोट उठतो, म्हणून गाडी पुलावरून गेली की कॅमेरा खाली घालू नका. वारा आपल्याकडे असेल तर आवाज गाडी दिसायच्या कितीतरी आधी येतो, पोटात घुमतो अगदी. वेळेसाठी रिअलटाइम ट्रेन्स या वेबसाइटवर लक्ष ठेवा, स्पेशल गाड्याही दिसतात. कुंपणाच्या आत मात्र अजिबात जायचं नाही, तो गुन्हा आहे, आणि पायवाटेवरून सगळं मिळतंच.

मूळ प्रश्नकर्ता:
जाड खांबांचं माहीतच नव्हतं, मागचा फोटो उघडून मोजले, खरंच दर सहावा! सकाळी पूर्वेकडून ७०-२०० ने सहा कमानी, दुपारी पलीकडून परतीची. आता फक्त ढग नकोत.