मदत हवी आहे: १९९४-९६च्या बीबीएसवरचे मराठी मेसेज, 'ॅ' गायब आणि ओळी मधेच तुटलेल्या

रात्री_दहानंतर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

१९९३ ते १९९७ मी पुण्यात राहत्या घरी बीबीएस चालवत होतो. नव्या मंडळींसाठी सांगतो, बीबीएस म्हणजे बुलेटिन बोर्ड. लोक आपल्या मोडेमनं माझ्या घरचा नंबर फिरवायचे, माझा कॉम्प्युटर फोन उचलायचा, आणि मग ते मेसेज वाचायचे, लिहायचे, फायली घ्यायचे. फोन एकच आणि तोही घरचा, म्हणून वेळ रात्री दहा ते सकाळी सहा. दिवसा आईला फोन लागायचा. एका वेळी एकच माणूस आत. दुसऱ्याला एंगेज टोन.

मशीन ३८६, ४ एमबी रॅम, डॉस, त्यावर रिमोटअ‍ॅक्सेस हे बीबीएसचं सॉफ्टवेअर. मोडेम आधी २४००चा, पुढे १४४००चा. २४००वर सेकंदाला २४० अक्षरं जायची, ३६० केबीची एक फ्लॉपी उतरवायला पंचवीस मिनिटं. पावसाळ्यात लाइनवर खरखर वाढली की स्क्रीनभर महिरपी कंसांचा कचरा. पण पहाटे साडेपाचला उठून कोण येऊन गेलं, काय लिहून गेलं हे बघण्यात जे सुख होतं ते मला नंतर कशातच मिळालं नाही.

आता अडचण. बोर्डवर एक मराठी विभाग होता. बहुतेक जण रोमन लिपीत मराठी लिहायचे, कारण देवनागरीसाठी सीडॅकचं जिस्ट कार्ड लागायचं आणि ते घरी कोणाकडे असणार? पण एका मित्राकडे सोय होती. त्याचं कॅमेरा दुरुस्तीचं दुकान, आणि शेजारच्या डीटीपीवाल्याच्या मशीनमध्ये जिस्ट. रात्री शटर अर्धं ओढून हा तिथे बसायचा आणि देवनागरीत लिहायचा. त्यानं दुरुस्तीला आलेल्या कॅमेऱ्यांबद्दल ४१ मेसेज लिहिले: काय बिघडलं होतं, कसं उघडलं, स्क्रू कुठे हरवला, गिऱ्हाईक काय म्हणालं. तो गेल्या वर्षी गेला. त्याच्या मुलीला हे सगळं छापून घरच्यांना द्यायचंय. तिनं मला विचारलं, "काका, तुमच्याकडे असेल का?" आहे, पण असं आहे:

डिस्कची इमेज घेता आली. मेसेज हडसन पद्धतीचे (बीबीएसवर मेसेज साठवायची तेव्हाची एक पद्धत). मजकुराच्या फाइलमध्ये २५६-२५६ बाइटांचे तुकडे, प्रत्येकाचा पहिला बाइट लांबीचा. तो काढून मजकूर जोडला. मग आयसीयू या युनिकोड लायब्ररीमधल्या कन्व्हर्टरनं इस्कीचं (जिस्टमधली, देवनागरी अक्षरांना आकडे देणारी पद्धत) युनिकोड केलं. बाकी सगळं स्वच्छ उतरलं, फक्त 'ॅ' गायब, आणि जिथे तो हवा तिथे ओळ तुटते. 'कॅमेरा' असा दिसतो:

क
मेरा

'फ्लॅश' म्हणजे 'फ्ल', खाली 'श'. 'पॅरलॅक्स'च्या तर तीन ओळी झाल्यात: प, रल, क्स. पण 'डॉक्टर', 'ऑफिस', 'लॉक' एकदम व्यवस्थित. म्हणजे 'ॉ' वाचला आणि 'ॅ' गेला.

हे सगळीकडे नाही. पहिले ६ मेसेज शाबूत आहेत, मधले २४ तुटलेले आहेत. शेवटच्या ११ मध्ये ओळी तुटत नाहीत, पण तिथे तो 'केमेरा', 'फ्लेश', 'बेटरी' असं लिहितो. घाईत लिहिलं असावं.

हे कशानं झालं आणि परत जोडता येईल का? हातानं जोडायची तयारी आहे, पण कारण कळल्याशिवाय त्याच्या लिखाणात हात घालायची हिंमत होत नाही.

शून्यएक

तुमचं बोर्ड ८ बिटवर चालायचं की ७ बिट अधिक पॅरिटीवर? ७ बिटवर वरचा बिट कापला जातो, मग देवनागरीची वाट लागते. नाहीतर सरळ लाइनवरचा आवाज असेल.

बाइटवाचक

७ बिट नाही. इस्कीत 'क' म्हणजे १७९. वरचा बिट कापला तर १७९ उणे १२८, म्हणजे ५१, आणि आस्कीत (इंग्रजी अक्षरांच्या तक्त्यात) ५१ म्हणजे ३ हा आकडा. प्रत्येक 'क'च्या जागी ३ दिसला असता. आणि आवाज काही 'ॅ' तेवढा वेचून खात नाही.

मला संशय आहे तो फिडोनेटच्या (बीबीएस एकमेकांना मेसेज पाठवायचे त्या जाळ्याच्या) १४१ या बाइटचा. तिथे १४१ म्हणजे 'मऊ' ओळ-समाप्ती, आणि बरेच प्रोग्राम तो बाइट गाळून टाकायचे. रशियन लोकांना याचा फार त्रास झाला, कारण त्यांच्या डॉस कोडपेजमध्ये (अक्षरांच्या तक्त्यात) १४१वर त्यांचं मोठं 'न' अक्षर होतं. ते अक्षर दिसायला इंग्रजी 'एच'सारखंच असतं, म्हणून ते सरळ 'एच' टाइप करायचे. तुमच्याकडे असंच काहीतरी झालंय.

रात्री_दहानंतर

तर्क आवडला, पण मराठी विभाग फिडोनेटवर जात नव्हता, फक्त स्थानिक होता.

गठ्ठा_उतरवा

शिवाय इस्कीची अक्षरं १६१च्या पुढे सुरू होतात, त्यामुळे १४१ त्यात बसतच नाही. पण बाइटवाचकांची दिशा बरोबर आहे: कुणीतरी एका बाइटचा अर्थ वेगळा लावलाय.

धागाकर्ते, दोन गोष्टी बघून सांगाल का? तुटलेल्या २४ मेसेजांच्या तळाशी एखादी सहीसारखी ओळ आहे का? आणि ती शाबूत ६ मध्ये आहे का?

रात्री_दहानंतर

आत्ता बघितलं. २४च्या २४ मध्ये शेवटी चांदणी, मग एसएलएमआर (फोन ठेवून मेसेज वाचायचा-लिहायचा प्रोग्राम) आणि आवृत्तीचा आकडा. पहिल्या ६ मध्ये काहीच नाही. शेवटच्या ११ मध्ये पुन्हा एसएलएमआर.

आठवलं. पहिले ६ त्यानं ऑनलाइन बसून लिहिले होते. एकेक मेसेज लिहायला पाऊण तास, तोवर बाकी सगळ्यांना एंगेज. मग मीच त्याला म्हटलं की क्यूडब्ल्यूके डोअर (मेसेजांचा गठ्ठा बांधून देणारा आणि परत घेणारा बोर्डवरचा प्रोग्राम) वापर, गठ्ठा उतरव, फोन ठेव, निवांत लिही आणि परत चढव. तेव्हा सगळ्यांच्याच मागे लागलो होतो मी.

गठ्ठा_उतरवा

मग सापडलं.

क्यूडब्ल्यूके गठ्ठ्यात ओळ संपली हे दाखवायला नेहमीचे दोन बाइट वापरत नाहीत, एकच वापरतात: २२७. अमेरिकन पीसीवर २२७ म्हणजे 'पाय' हे ग्रीक अक्षर, ते पत्रात कोण लिहिणार, असा हिशोब. आता इस्कीचा तक्ता उघडा. २१८वर काना, २१९ पहिली वेलांटी, असं मोजत या. २२५ एक मात्रा, २२६ दोन मात्रा, आणि २२७वर 'ॅ'. 'ॉ' आहे २३१वर, म्हणून डॉक्टर वाचला.

तुमच्या मित्रानं 'कॅमेरा' लिहिला, एसएलएमआरनं गठ्ठा बांधला, तो झेडमोडेमनं (मोडेमवरून फायली पाठवायच्या पद्धतीनं) तुमच्याकडे बिनचूक आला. सीआरसी (चूक पकडायचा पडताळा-आकडा) तपासून आलेला असतो तो, वाटेत काही बिघडलेलं नाही. तुमच्या डोअरनं गठ्ठा सोडताना प्रत्येक २२७ला ओळ तोडली. प्रत्येक प्रोग्राम आपल्या नियमानं बरोबर वागला. हिंदीत 'ॅ' फारसा लागत नाही, म्हणून तिकडे कदाचित कुणाच्या लक्षातही आलं नसतं. मराठीत तो पावलोपावली लागतो, त्यात विषय कॅमेऱ्याचा.

रात्री_दहानंतर

हे वाचून बराच वेळ नुसता बसलो होतो.

तिसावा मेसेज परत उघडला. त्याच्या शेवटी त्यानं मला विचारलंय: "माझ्या ओळी मधेच का मोडतात? फक्त माझ्याच मोडतात." आणि खाली माझं उत्तर: लाइन खराब असेल, पाऊस थांबल्यावर बघू. मी पुढे बघितलंच नाही. त्याच्या पुढच्या, एकतिसाव्या मेसेजपासून तो 'केमेरा' लिहायला लागतो. ती घाई नव्हती. कोणतं अक्षर ओळ मोडतं हे त्यानं एकट्यानं शोधून काढलं आणि ते टाळायला लागला. कॅमेऱ्याच्या बंद पडलेल्या शटरपाशीही तो असाच बसायचा, एकेक भाग वगळून बघत.

तांत्रिक प्रश्न: त्यानं चढवलेले मूळ गठ्ठे एका फ्लॉपीवर बॅकअपमध्ये आहेत. त्यातून खरे 'ॅ' परत मिळतील का?

गठ्ठा_उतरवा

नाही मिळणार. गठ्ठ्यातही खरी ओळ २२७नंच संपते आणि 'ॅ'ही २२७च. तिथेच दोन्ही एक झालेत. डीटीपीच्या मशीनवर त्यानं आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवलं असेल तर मात्र सोनं, मुलीला जुन्या फ्लॉप्या शोधायला सांगा.

फाइल मिळाली नाही तरी जोडणं अवघड नाही. मी असं करेन:

खरी ओळ बहुतेक सत्तरच्या आसपास अक्षरांनी संपते किंवा पूर्णविरामानं. पाच-दहा अक्षरांत संपलेली आणि शेवटी सुटं व्यंजन असलेली ओळ म्हणजे 'ॅ'. पुढची ओळ अनुस्वारानं सुरू होत असेल तर शंकाच नको, मराठीत ओळ अनुस्वारानं सुरू होत नाही. बाकीचं शब्दांच्या यादीनं: कॅमेरा, फ्लॅश, बॅटरी, पॅरलॅक्स, कॅम, बॅग, मॅडम. आपोआप जोडलेल्या प्रत्येक जागी खूण ठेवा आणि मग एकदा डोळ्यांखालून घाला. फसवणूक होते ती फक्त ओळ नेमकी सत्तरच्या जवळ तुटली असेल तिथे.

दौत_टाक

मी मुद्रितशोधन करते, म्हणून एक विचारते. शेवटच्या ११ मेसेजांतल्या 'केमेरा'चं काय करणार आहात? मला वाटतं मधल्या २४ मध्ये 'ॅ' परत घाला, कारण तो त्यांनी लिहिला होता आणि यंत्रानं खाल्ला. पण 'केमेरा' त्यांनी स्वतः विचार करून लिहिलंय. ते तसंच ठेवा आणि आधी चार ओळींत कारण सांगा.

रात्री_दहानंतर

पटलं. मुलीलाही फोनवर वाचून दाखवलं, ती म्हणाली "तसंच ठेवा, बाबांना आवडलं असतं."

आणखी एक. त्याच डिस्कवर बाकीच्या शंभरेक लोकांचे मेसेज आहेत, खासगीसुद्धा. त्यांचं काय करावं?

बाइटवाचक

हडसनच्या हेडरमध्ये प्रत्येक मेसेजला खासगीची खूण असते. मजकूर काढायच्या आधीच हेडर बघून तेवढे वगळा, उघडूच नका. लोकांनी तेव्हा तुमच्यावर विश्वास ठेवून लिहिलं होतं. सिसॉपला (बोर्ड चालवणाऱ्याला) सगळं दिसतं हे माहीत असून लिहिलं होतं. तीस वर्षांनी तो विश्वास संपत नाही.

रात्री_दहानंतर

तसंच करतो. तेव्हाही मी उघडत नव्हतो.

बाइटांच्या घोळावरून एक आठवलं, अनेकांना गंमत वाटेल. बोर्डच्या मेनूभोवती मी दुहेरी रेघांची चौकट काढली होती. जिस्ट चालू असताना तीच चौकट ह्या मित्राला अक्षरांची दिसायची: वर 'फयययययझ', दोन्ही बाजूंना 'ज', खाली 'पयययययञ'. कारण रेघांचे आणि अक्षरांचे आकडे तेच. त्याच्यासाठी मी वजाबाकीच्या आणि अधिकच्या चिन्हांची साधी चौकट केली होती. चौकटीचं तेव्हा कळलं, 'ॅ'चं कळलं नाही.

गठ्ठा_उतरवा

चौकट नजरेला खुपते, एक मात्रा हरवलेली खुपत नाही. स्वतःला फार बोल लावू नका. आम्ही मुंबईला वर्षानुवर्षं क्यूडब्ल्यूके वापरलं आणि रोमनमध्येच लिहिलं, म्हणून आम्हाला हे कधी दिसलंच नाही.

रात्री_दहानंतर (चार दिवसांनी)

२३ मेसेज पूर्ण जोडून झाले. फ्लॉप्या सापडल्या नाहीत, पण यादीनं काम झालं. एका जागी अडलोय, सतराव्या मेसेजमध्ये. जसं आहे तसं देतो:

लिव्हर ओढला की र
चेटचा एक दात झिजलेला, म्हणून फिल्म पुढे जाऊन परत मागे

'र' हा 'रे'च्या अर्थी बोलीतला 'र' वाटला होता, पण मग 'चेटचा' म्हणजे काय? त्याच्या बोलण्यात हा शब्द ऐकल्याचं आठवत नाही.

जुनी_काच

धागा नुसता वाचत होतो, आता लिहितो. मीही फिल्म कॅमेरे दुरुस्त करतो. तो शब्द रॅचेट आहे. फिल्म पुढे ओढणाऱ्या लिव्हरखालचं दातेरी चाक. ते एकाच दिशेनं फिरतं, उलटं फिरू नये म्हणून त्यावर एक खटका बसतो. दात झिजला की खटका धरत नाही आणि फिल्म मागे सरकते. निदान अगदी बरोबर केलंय त्यांनी. बाकीचे मेसेज वाचायला मिळतील का?

रात्री_दहानंतर

रॅचेट. दोन ओळी खाली 'खटका नवा बसवला' असं आहेच. राहिलेला तो एकही झाला, २४ पूर्ण. आज रात्री मुलीला पाठवतो आणि तुमच्यासाठी तिची परवानगी विचारतो.