'हिंपुटी' म्हणजे नुसतं 'दुःखी' का?

ओवीप्रेमी:
मनाच्या श्लोकांतला विसावा श्लोक 'बहू हिंपुटी होइजे मायपोटी' असा सुरू होतो. अर्थ सांगताना बहुतेक जण 'हिंपुटी म्हणजे दुःखी, कष्टी' म्हणून पुढे सरकतात. मला ते अपुरं वाटतं. पुढचे चरण बघा: 'निरोधें पचे कोंडिले गर्भवासीं, अधोमूख रे दुःख त्या बाळकासी'. मूल कोंडलंय, डोकं खाली आहे. शिवाय 'दुःख' हा शब्द समर्थांनी चौथ्या चरणात वेगळा वापरलाच आहे. मग हिंपुटी म्हणजे घुसमटून केविलवाणं होणं. एवढं सगळं एका शब्दात सांगणारं आज आपल्याकडे काही नाही. हा शब्द लिहिण्यात परत यायला हवा.

तळटीप:
असहमत. कोंडणं तिसऱ्या चरणात आहे, ते या शब्दाच्या पोटात कशाला कोंबता? आणि वृत्त विसरलात. भुजंगप्रयात, लगागा (ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू) चार वेळा. 'बहू'नंतर 'दुःखी' किंवा 'कष्टी' बसतच नाही, दोन्हींत दोन गुरू. 'हिंपुटी' गालगा, चपखल बसतो, वर 'पोटी'शी यमकही जुळतं. कवीची सोय होती, तिच्यातून सूक्ष्म छटा काढू नका.

ओवीप्रेमी:
गालगा मापाचे शब्द मराठीत ढिगानं आहेत. त्यातला हाच का उचलला, हे वृत्त सांगत नाही.

जुनी_पोथी:
तुम्ही दोघंही एकाच श्लोकावर भांडताय. संतांचे शब्द आजच्या कानांनी ऐकले की फसगत होते. 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें, उदास विचारें वेच करी' यातला 'उदास' रडवेला नाही, निर्लेप आहे. तुकोबा काही तोंड पाडून पैसे खर्च करायला सांगत नाहीत! दासबोधात 'दुश्चित' म्हणजे लक्ष ठिकाणावर नसलेला. कोणी त्याला दुःखी समजलं तर सगळा समासच, म्हणजे ग्रंथातलं ते प्रकरणच, हुकेल. हिंपुटीची छटा ठरवायची तर आणखी चार ठिकाणचे वापर समोर ठेवा. तोवर 'कष्टी' हाच अर्थ धरावा.

तळटीप:
बरोबर. पण माझा खरा आक्षेप परत वापरण्यालाच आहे. 'विषण्ण' का टिकला? त्याला गोतावळा आहे. विषाद त्याच धातूचा, प्रसन्नसुद्धा त्याच 'सद्'पासून आलेला, फक्त उपसर्ग वेगळा. 'खिन्न'च्या मागे 'खेद' उभा आहे. हिंपुटीला आजच्या मराठीत नातलग कोण? वाचणाऱ्यानं अंदाज तरी कशावरून बांधायचा?

ओवीप्रेमी:
'केविलवाणा'चं कूळ किती जणांना सांगता येईल? तरी सगळे बिनदिक्कत वापरतात.

तळटीप:
कारण तो लहानपणापासून कानावर पडतो. हिंपुटी फक्त श्लोक म्हणताना तोंडात येतो, तोही अर्थ न विचारता. कथेत 'तिचा हिंपुटी चेहरा' लिहिलंत तर वाचक तिथेच अडकेल, आणि चेहरा राहील बाजूला.

ओवीप्रेमी:
अडकू दे की एकदा. दोन पानांनी पुन्हा भेटला की ओळख पटते, नवे शब्द आपण असेच तर शिकतो. फक्त वापरणाऱ्यांनी 'हिंपुटा', 'हिंपुटं' अशी रूपं पाडू नयेत. दुःखी, कष्टी जसे तिन्ही लिंगांत तसेच राहतात, तसं हेही: तो हिंपुटी, ती हिंपुटी, ते हिंपुटी.